तापल्यावरही सपाट राहणारी प्लेट: धातू निवडताना

टूलरूममध्ये काम शिकत असताना मी पहिली हीटर प्लेट केली ती एसएस ३०४ची, म्हणजे नेहमीच्या स्टेनलेस स्टीलची. ४०० बाय ४०० मिलिमीटर, जाडी ८ मिलिमीटर, खालच्या अंगाला चार पट्टी हीटर आणि चार कोपऱ्यांत चार बोल्ट. स्टेनलेस गंजत नाही, मजबूत असते, स्वच्छ राहते, एवढाच माझा विचार. मिलिंग मशीनवर दोन्ही तोंडे (वरचा आणि खालचा पृष्ठभाग) सपाट करून घेतली होती. थंड असताना स्ट्रेट एज (बिनचूक सरळ धारेची पट्टी) उभी धरली तर खालून उजेडाची रेघही दिसत नव्हती. मग हीटर चालू केले. १८० अंशांना पोहोचताच कर्णावर स्ट्रेट एज ठेवली, तर मधोमध ०.३ मिमीचे फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्री) सहज आत गेले. प्लेट बशीसारखी झाली होती. थंड झाल्यावर बराचसा बाक गेला, पण सगळा नाही. ०.१ मिमी कायमचा राहिला.

मला वाटले, पातळ पडली. दुसरी केली १६ मिमीची, त्याच स्टीलची, त्याच हीटरवर. तापायला दुप्पट वेळ लागला आणि बाक जवळपास तेवढाच आला. तिसऱ्या खेपेला ॲल्युमिनियम घेतले. या वेळी बशी झाली नाही, उलट मधोमध पोट वर आले, आणि तेही आधीच्या दोन्ही प्लेटांपेक्षा जास्त.

या तीन प्लेटा मला तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगत होत्या. त्या वेगळ्या आहेत हे कळायला मला बरेच दिवस लागले. आता हाताखालच्या मुलांना हीटर प्लेट करायला देण्याआधी मी त्या सांगते, आणि त्याच क्रमाने इथे मांडते. प्रेसची प्लेट असो, थ्रीडी प्रिंटरचा बेड असो किंवा प्रयोगशाळेतली हॉट प्लेट, हिशेब तोच.

वाढणे वेगळे, वाकणे वेगळे

तापला की प्रत्येक धातू वाढतो. पण प्लेट सगळीकडे सारखी तापली आणि तिला वाढायला कोणी अडवले नाही, तर ती फक्त मोठी होते, वाकत नाही. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट वाढते, तरीही सारखे तापवलेले मोकळे ॲल्युमिनियम सपाटच राहते. त्यामुळे "कमी प्रसरणाचा धातू घ्या" हा सल्ला ऐकायला बरोबर वाटला तरी अर्धाच आहे.

वाकण्याची खरी कारणे मला तीन दिसतात. एक, वरचे आणि खालचे तोंड किंवा मध्य आणि कडा यांच्या तापमानात फरक पडणे. दोन, धातूच्या पोटात आधीपासून अडकलेला ताण उष्णतेने सुटणे. तीन, वाढणाऱ्या प्लेटला बोल्टांनी किंवा चौकटीने जखडणे. माझी पहिली प्लेट पहिल्या दोन कारणांनी बिघडली, दुसरी पहिल्या कारणाने, आणि ॲल्युमिनियमची तिसऱ्या कारणाने.

वर-खालच्या फरकाने येणारा बाक कागदावर काढता येतो. प्रसरणाचा आकडा, दोन तोंडांमधल्या तापमानाचा फरक आणि लांबीचा वर्ग यांचा गुणाकार करायचा, आणि त्याला जाडीच्या आठपटीने भागायचे. ४०० मिमी लांब, १० मिमी जाड एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधे लोखंड) प्लेटचे खालचे तोंड वरच्यापेक्षा १० अंशांनी जास्त तापले, तर मधला बाक ०.२४ मिमी येतो. ३०४ असेल तर ०.३४. लांबी दुप्पट केली की बाक चौपट. छोट्या प्लेटवर कधी न दिसलेली अडचण मोठ्या प्लेटवर एकदम समोर येते ती यामुळे.

भागाकारात जाडी आहे म्हणून जाडी वाढवावी असे वाटते. मीही तेच केले होते. पण हीटर तेवढीच उष्णता ढकलत असेल, तर दुप्पट जाडीतून जाताना तिला दुप्पट अंतर कापावे लागते, आणि वर-खालचा फरकही दुप्पट होतो. वर दुप्पट, खाली दुप्पट. बाक जिथल्या तिथे. माझ्या १६ मिमीच्या प्लेटने हेच दाखवले होते. जाडीचे फायदे आहेत, पण दुसरे. वरून दाब येत असेल तर दुप्पट जाडीची प्लेट त्या दाबाखाली आठव्या हिश्श्याइतकीच झुकते, आणि हीटरच्या रेघा वरच्या तोंडावर उमटत नाहीत. उष्णतेने येणारा बाक मात्र जाडीने हटत नाही. तो धातू बदलून किंवा हीटरची जागा बदलून हटतो.

दोन आकड्यांचा भागाकार

कोणताही धातू हातात घेण्याआधी मी त्याचे दोन आकडे पाहते. पहिला उष्णतावहन, वॅट प्रति मीटर-केल्विनमध्ये. दुसरा प्रसरण, म्हणजे एक मीटर लांबी एका अंशाला किती मायक्रॉन वाढते. पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. उत्तर जितके मोठे, तितका तो धातू तापताना कमी वाकणार.

तांबे: ३९० भागिले १७, उत्तर सुमारे २३. ॲल्युमिनियम ६०६१ (एक प्रचलित मिश्रधातू): १६७ भागिले २३.६, उत्तर ७. ओतीव ॲल्युमिनियमची टूलिंग प्लेट: साधारण १४० भागिले २३.६, म्हणजे ६. पितळही ६च्या आसपास. बीड (ओतीव लोखंड): ५० भागिले ११, साडेचार. एमएस: ५० भागिले १२, चारच्या थोडे वर. एसएस ४३० (स्टेनलेसचाच दुसरा प्रकार): २६ भागिले १०.४, अडीच. आणि माझी लाडकी ३०४: १६ भागिले १७.२. एकसुद्धा नाही.

३०४ वाढते जवळपास तांब्याइतकी आणि उष्णता वाहते तांब्याच्या पंचविसाव्या हिश्श्याने. मी निवडायला गेले तेव्हा नेमका सगळ्यात शेवटचा धातू उचलला होता, आणि मला वाटत होते की चांगल्यातला चांगला घेतला.

हाच फरक वेळेत पाहिला तर आणखी स्पष्ट होतो. मध्यावर दिलेली उष्णता १५० मिमी दूरच्या कडेपर्यंत नीट पसरायला ढोबळ हिशेबाने ॲल्युमिनियमला पाच-सहा मिनिटे लागतात, एमएसला जवळजवळ अर्धा तास आणि ३०४ला दीड तास. तेवढा वेळ मध्य वाढू पाहतो आणि थंड कडा त्याला कड्यासारखी आवळून ठेवते. पूर्ण अडवलेल्या ३०४मध्ये प्रत्येक अंशाच्या फरकाला सुमारे ३.३ मेगापास्कल ताण चढतो. तिची सहनशक्ती २०५ मेगापास्कलच्या आसपास, आणि तापल्यावर त्याहून कमी. म्हणजे साठेक अंशांचा फरक पडला की धातू आतल्या आत दबतो. थंड झाल्यावर तो दबलेला भाग आखूड राहतो आणि प्लेट कायमची बिघडते. पातळ पत्रा असेल तर दबण्याआधीच "टण्" आवाज करून एका बाजूला फुगतो. तो आवाज आला की समजावे, मध्य आणि कडा यांचे जुळत नाही.

आता धातू एकेक करून.

ॲल्युमिनियम

२०० अंशांपर्यंतच्या कामाला माझी पहिली पसंती ॲल्युमिनियम. पण कोणते, हे फार महत्त्वाचे आहे.

रोलमधून काढलेल्या साध्या प्लेटच्या कातडीत आणि पोटात वेगवेगळा ताण असतो. एका बाजूने दोन मिमी काढले की प्लेट मशीनवरून उतरवताच धनुष्यासारखी होते. ओतीव टूलिंग प्लेट मात्र ओतूनच केलेली असते, तिचे दाणे सगळ्या दिशांना सारखे असतात, ताण काढून घेतलेला असतो आणि दोन्ही तोंडे कारखान्यातच मिल केलेली असतात. ती थोडी नरम असते, वहनही ६०६१पेक्षा किंचित कमी, पण स्थिरता फार चांगली. प्रिंटरच्या बेडला किंवा हलक्या दाबाच्या प्लेटला मी डोळे मिटून तीच घेते. ६०६१ घ्यायचे असेल तर नुसते टी६ (उष्णतेने कडक केलेले) मागू नका, टी६५१ मागा. शेवटच्या ५१चा अर्थ असा की प्लेट कडक करण्याच्या क्रियेत ती थोडी ताणून तिच्यातला ताण काढला आहे. बिलावर हा शिक्का दिसला नाही तर मी माल उतरवून घेत नाही.

ॲल्युमिनियमच्या मर्यादाही मनापासून मान्य करायला हव्यात. ६०६१ला जो कडकपणा असतो तो १६० ते १८० अंशांना भाजून आणलेला असतो. त्याहून जास्त तापमानाला ती महिनोन्‌महिने राबली की तो कडकपणा हळूहळू उतरतो. २०० अंशांना सतत आणि वर जड दाब, असे काम असेल तर मी ॲल्युमिनियम देत नाही. दुसरे, त्याचा ताठपणा स्टीलच्या एक तृतीयांश. तेवढ्याच दाबाला तेवढेच झुकायला हवे असेल तर जाडी सुमारे ४५ टक्के वाढवावी लागते. तरीही वजन स्टीलच्या निम्मेच भरते, म्हणून ही जाडी द्यायला हात आखडू नका. तिसरे, पृष्ठभाग मऊ. एखादी पकड हातातून पडली की खड्डा. हार्ड ॲनोडायझिंगने, म्हणजे पृष्ठभागावर चढवलेल्या कडक ऑक्साइडच्या थराने, ओरखडे थांबतात, पण त्या थराचे प्रसरण खालच्या धातूपेक्षा बरेच कमी असते, त्यामुळे तापल्यावर त्यात केसासारख्या बारीक चिरा दिसतात. सपाटीला त्याने काही होत नाही. चिरांत घाण किंवा रसायन शिरणार असेल तरच काळजी करा.

लोखंड आणि बीड

२०० ते ४०० अंशांच्या टापूत आणि जड दाबाला एमएस हा माझा रोजचा धातू. रबर मोल्डिंगच्या प्रेसला मी दुसरे काही सुचवत नाही. पृष्ठभागावर घाव, ओढाताण, साचे सरकवणे हे सगळे असेल तर आधीच थोडे कडक केलेले टूल स्टील घ्यावे. प्रसरण आणि वहनाचे आकडे फार बदलत नाहीत.

एमएस घेताना गरम रोल केलेली प्लेट घ्या. थंड रोल केलेली पट्टी दिसायला गुळगुळीत आणि मापाला बरोबर असते, म्हणून नवे लोक तिच्याकडे ओढले जातात. पण तिच्या कातडीत ताण कोंडलेला असतो, आणि एका बाजूची कातडी काढली की दुसरी बाजू ओढून घेते. गरम रोलची काळी प्लेट घेऊन, तिची कातडी दोन्हीकडून काढून, भट्टीत ताण काढून मग फिनिश केली, की ती वर्षानुवर्षे जागेवर राहते.

बिडाला लोक जुनाट समजतात. मला ते फार आवडते. प्रसरण कमी, वहन एमएसइतके, आणि ओतल्यावर नीट ताण काढलेली बिडाची प्लेट जवळजवळ हलत नाही. जाड, स्थिर, एकाच तापमानाला तासन्‌तास चालणारी प्लेट हवी असेल तर बीड. मात्र तापलेल्या बिडावर पाणी पडले तर ते तडकू शकते, आणि ४०० अंशांच्या वर पुन्हा पुन्हा नेले तर त्याची आतली रचना बदलून ते कायमचे फुगते. पटापट तापवणे-गार करणे असे काम असेल तर बीड नको.

स्टेनलेस, तांबे आणि बाकीचे

स्टेनलेस कधी घ्यावे? गंज किंवा रसायन यांमुळे दुसरा इलाज नसेल तेव्हा. त्यातही जमत असेल तर ४३० घ्या. तिचे प्रसरण एमएसपेक्षाही थोडे कमी आहे. ३०४ची आणखी एक अडचण म्हणजे तिचा ताण काढणे कठीण. एमएसला जे ५५०-६५० अंशांचे तापमान चालते, त्याच टापूत ३०४मधले क्रोमियम कार्बनशी बांधले जाते आणि तिची गंजरोधकता घसरते. म्हणजे जिच्यासाठी घेतली तोच गुण जातो. ३०४ घ्यावीच लागली तर तिला पातळ वरचे आवरण म्हणून वापरा आणि उष्णता पसरवायचे काम खालच्या ॲल्युमिनियमवर सोपवा.

तांबे भागाकारात सगळ्यांच्या पुढे आहे, पण अखंड प्लेट म्हणून मी ते क्वचितच वापरते. शुद्ध तांबे २००-३०० अंशांच्या टापूत राहिले की नरम पडते, आणि मग उष्णतेने नव्हे तर नुसत्या हाताळणीने वाकते. क्रोमियम-झिर्कोनियमचे तांबे हा कडकपणा बराच टिकवते, पण ते खास कामालाच. स्टीलच्या प्लेटखाली उष्णता पसरवणारा थर म्हणून तांबे उत्तम.

इनवारबद्दल मला नेहमी विचारतात. ३६ टक्के निकेलचे हे लोखंड स्विस भौतिकशास्त्रज्ञ शार्ल एदुआर गियोम यांनी १८९६ मध्ये शोधले आणि मोजमापातल्या या कामासाठी त्यांना १९२०चे नोबेल मिळाले. सामान्य तापमानाला ते मीटरला अंशामागे एक-दीड मायक्रॉनच वाढते, ही खरोखर थक्क करणारी गोष्ट आहे. पण हा गुण २०० अंशांच्या पुढे झपाट्याने जातो, आणि वहन ३०४पेक्षाही कमी, १०च्या आसपास. तापमान कमी आणि प्लेटची लांबी-रुंदीच बदलू द्यायची नसेल तर इनवार. जास्त तापमानाला सपाटी हवी असेल तर नाही.

दोन धातू चिकटवताना एक धोका लक्षात ठेवा. ३ मिमी स्टील आणि ३ मिमी ॲल्युमिनियम घट्ट जोडून १०० अंशांनी तापवले, तर ३०० मिमी लांबीत सुमारे ३ मिमीचा बाक येतो. इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसन यांनी अठराव्या शतकात घड्याळात तापमानाची भरपाई करायला हीच युक्ती वापरली होती. तिथे वाकणे हवे होते, आपल्याला नको आहे. जोडायचेच असेल तर वर-खाली सारखे: स्टील, ॲल्युमिनियम, स्टील, दोन्ही स्टीलची जाडी एकच. नाहीतर थर एकमेकांवर मोकळे सरकू द्या. मोकळे ठेवताना मध्ये हवा राहणार नाही हेही पाहा. दर चौरस सेंटिमीटरला अर्धा वॅट जात असेल तर ०.१ मिमीची हवेची फट १५ अंश खाऊन टाकते, आणि ती एकाच बाजूला असेल तर वरच्या थराला तिथेच बाक येतो. मी मध्ये ग्रॅफाइटचा पातळ कागद घालते.

मशीनवर चढवण्याचा क्रम

धातू चांगला निवडला आणि मशीनवर घाई केली तर सगळे वाया जाते. माझा क्रम असा आहे. आधी सगळी भोके आणि खाचा कच्च्या मापाला पाडून घ्यायच्या, कारण प्रत्येक भोक आतला ताण थोडा मोकळा करते. मग दोन्ही तोंडे आलटून पालटून घ्यायची. एका बाजूने १ मिमी, उलटून दुसऱ्या बाजूने १ मिमी, पुन्हा पहिली. एकाच बाजूचे सगळे काढून मग दुसरीकडे वळायचे नाही. अर्धा मिमी शिल्लक ठेवून एमएस प्लेट भट्टीत: ५५० ते ६५० अंश, जाडीच्या दर २५ मिमीला एक तास, आणि भट्टीतच सावकाश गार. बिडाला ५५० अंशांच्या आसपास पुरते. ॲल्युमिनियमची टूलिंग प्लेट किंवा टी६५१ भट्टीत घालायची नाही. तिला पकडीतून सोडून रात्रभर मोकळी ठेवते.

शेवटचे फिनिश करताना पकड हा खरा शत्रू. बाक आलेली प्लेट ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकवर (चुंबकाने धरणाऱ्या पकडीवर) ठेवली की चक तिला खेचून सपाट करते. तुम्ही ती सपाट स्थितीत घासता, चक सोडली की ती आपल्या मूळ बाकावर परत जाते, आणि वाटते ग्राइंडर चुकला. अशा वेळी प्लेटखाली जिथे फट असेल तिथे तेवढीच शिम (धातूची पातळ पट्टी) भरायची, चक हलकी लावायची, एक बाजू साफ करून उलटायचे. सावकाश काम आहे, पण दुसरा मार्ग मला सापडलेला नाही. ॲल्युमिनियमचे अंतिम माप गरम असताना घेऊ नका. ३०० मिमीची प्लेट १० अंशांनी कोमट असली तरी ०.०७ मिमी मोठी असते.

बसवताना मोकळीक

आता माझ्या तिसऱ्या प्लेटकडे येते. ४०० मिमीचे ॲल्युमिनियम २० अंशांवरून १८० अंशांना नेले की दीड मिमी वाढते. स्टीलची चौकट तेवढीच तापली तरी पाऊण मिमीच वाढणार, आणि प्रत्यक्षात ती कमी तापलेली असते. उरलेली वाढ जाणार कुठे? माझे चारही बोल्ट घट्ट होते, म्हणून ती वर गेली. लांबीतली बारीकशी जास्ती किती मोठे पोट काढते याचा अंदाज सहसा येत नाही. ४०० मिमीच्या पातळ पट्टीची दोन टोके पक्की धरून तिच्यात ०.१ मिमी लांबी जास्त कोंबली, तर मधोमध जवळजवळ ४ मिमीचा बाक येतो. जाड प्लेट एवढी उचलली जात नाही, पण बोल्ट ओढते, भोके लांबट करते आणि मिळेल तिथे वाकते.

उपाय सोपा आहे. एकच भोक पक्क्या मापाचे ठेवा. दुसऱ्याला त्या पहिल्या भोकाच्या दिशेने लांबट खाच द्या, म्हणजे प्लेट वाढेल पण फिरणार नाही. बाकीची भोके सैल. बोल्टाखाली कपासारखा स्प्रिंग वॉशर घाला आणि बोल्ट इतकाच आवळा की प्लेट दबून राहील पण सरकू शकेल. हलक्या कामात तीन टेकू पुरतात, कारण तीन टेकूंवर प्लेटला पीळ बसत नाही. खालच्या चौकटीच्या चार टेकूंपैकी एक जरी खाली-वर असला, तर सपाट प्लेटही बोल्ट आवळताना पिळली जाते. प्रेसमध्ये दाब असतो, तिथे पूर्ण तळ टेकवावा लागतो. तिथे प्लेट आणि चौकट यांच्यामध्ये उष्णता अडवणारा कॅल्शियम सिलिकेटचा एकसारख्या जाडीचा बोर्ड घाला, तोही घासून समतल केलेला.

मी त्याच ॲल्युमिनियमच्या प्लेटची भोके अशी बदलली, आणखी काही केले नाही. पोट गेले.

हीटर कुठे

धातू बदलता येत नसेल तर हीटर हलवा. जाडीच्या बरोबर मध्यावर भोके पाडून कार्ट्रिज हीटर (कांडीसारखे हीटर) बसवले, की उष्णता वर आणि खाली सारखी जाते, दोन्ही तोंडे सारखी तापतात आणि बशी होण्याचे कारणच बरेचसे संपते. एमएस प्लेटला मी शक्य तिथे हेच करते. खाली हीटर चिकटवावा लागला, तर तो पूर्ण तळ झाकणारा असावा, मधोमध चौकोन नव्हे, आणि त्याच्या खाली चांगले इन्सुलेशन असावे. कडा बाजूंनीही उष्णता गमावतात, म्हणून कडेच्या हीटरमधले अंतर मधल्यांपेक्षा कमी ठेवा किंवा कडेला वेगळा कंट्रोल द्या.

आणि सावकाश तापवा. तापताना येणारा बाक हीटर किती जोराने ढकलतो त्यावर थेट ठरतो. अर्धी शक्ती, अर्धा बाक. माझ्या त्या ३०४च्या प्लेटला चारऐवजी दोन हीटरच्या शक्तीने तापवले असते, तर कदाचित कायमचा ०.१ मिमी राहिलाही नसता. कंट्रोलरमध्ये टप्प्याटप्प्याने तापवण्याची सोय असेल तर ती वापरा, आणि नेमके तापमान गाठल्यावर काम सुरू करण्याआधी ॲल्युमिनियमला दहा मिनिटे, एमएसला अर्धा तास द्या.

मोजल्याशिवाय हातातून सोडू नका

प्रत्येक प्लेटची मी तीन मापे लिहून ठेवते: थंड, गरम, पुन्हा थंड. स्ट्रेट एज दोन्ही कर्णांवर, चारही कडांवर आणि मधल्या दोन रेषांवर ठेवून फीलर गेजने फट पाहायची. गरम असताना स्ट्रेट एज क्षणभरच टेकवा. ती प्लेटवर विसावली की तिचे खालचे अंग तापून तीच वाकते आणि नसलेला बाक दाखवते. अचूक माप हवे असेल तर डायल गेज प्लेटला न टेकलेल्या वेगळ्या पुलावर बांधा.

गरम असताना बाक आणि थंड झाल्यावर शून्य, म्हणजे धातू शाबूत आहे. हीटरची जागा किंवा तापवण्याचा वेग सुधारा. गरम असताना मधोमध वर, आणि बोल्ट सैल करताच खाली बसते, म्हणजे भोके लांबट करा. आधीच्या आणि नंतरच्या थंड मापांत फरक, म्हणजे पोटातला ताण सुटतो आहे. अशी प्लेट लगेच घासू नका. तिला कामाच्या तापमानाच्या थोडे वरपर्यंत चार-पाच वेळा सावकाश नेऊन गार करा, दर वेळी थंड माप लिहा. लागोपाठच्या दोन मापांत फरक दिसेनासा झाला की मगच शेवटचा हात फिरवा. पाच फेऱ्यांनंतरही आकडा सरकत असेल, तर ती प्लेट बाजूला ठेवून माल बदला.